भाड्याचा बंब

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बंब गळायला लागला. समोरच्या चावडीवरच्या घड्याळातली ती वेळ वेणूच्या कायमची लक्षात राहिली, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

एका उंच डोंगरावर एक गाव होतं. इतकं उंच, की ढग खाली राहायचे आणि थंडी वर. वर्षातले आठ महिने माठातल्या पाण्यात हात घातला की बोटं बधिर व्हायची. म्हणून त्या गावात एक रीत होती. मुलीच्या लग्नात दागिना एखादा कमी पडला तरी चालेल, पण आई तिला तांब्याचा बंब द्यायचीच. मधल्या नळीत ढलप्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापायचं, तोटी फिरवली की कढत पाणी बादलीत. देण्याआधी तांबट बंबाच्या काठाखाली ठिपके टोचून नाव घालायचा. वेणूच्या बंबावर लिहिलं होतं, ‘चि. वेणूस आईकडून’.

बाहेरून ते ठिपके म्हणजे बारीक खड्डे. आतून मात्र त्यांचे पुळ्यांसारखे उंचवटे झालेले. दर शनिवारी वेणू बंब रिकामा करून चिंचेनं घासायची. आत हात घातला की ते उंचवटे बोटांखालून जायचे आणि तिला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं. तिच्या आईनं तो बंब डोक्यावर घेऊन डोंगर चढला होता. गाडीवाला घाटात घाबरला आणि परत फिरला, म्हणून.

तर त्या सकाळी वेणूचं सात महिन्यांचं बाळ तेल लावून तयार होतं. पायांवर घेऊन आंघोळ घालायची, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात बंबाच्या बुडातून पाणी ठिबकलं, जाळ फुसकन विझला आणि सगळ्या न्हाणीघरात धूर झाला. बाळ दोनदा शिंकलं.

दोनदा शिंकलं, आणि वेणूनं त्याला झटकन पदरात गुंडाळलं. पहिलटकरीण ती. रात्री उठून बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी.

आवाज ऐकून शेजारच्या काकू आल्या. त्यांनी बंब आडवा करून बूड बघितलं.

“एवढंच ना? भोकावर तांब्याचा डाग लावून घे, झालं. परवा खाली बाजार आहे, तांबट बसतो तिथं. दोन दिवस चुलीवर हंडा ठेव.”

“काकू, हंडाभर पाणी तापायला तास लागतो हो. तोवर पोराला उघडं ठेवू?”

“उघडं कशाला ठेवतेस, गुंडाळून ठेव. माझी पाच वाढली याच थंडीत. प्रत्येकाच्या शिंका मोजत बसले असते तर स्वयंपाक कधी केला असता?”

वेणूच्या नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं. पण बापाला काय, तो बोलून रानात निघून जातो. दिवसभर पोराच्या कपाळाला हात लावून बघणारी वेगळीच असते.

आणि नेमका त्याच दिवशी, ऊन अंगणात यायच्या सुमाराला, दारात घुंगरं वाजली. एक खेचर, खेचरावर एक बंब, आणि बाजूला हसतमुख बंबवाला. बंब असा लखलखीत की त्यात वेणूला स्वतःचं तोंड दिसलं, कडेवरच्या बाळासकट.

“वहिनी, धूर बघून आलो,” तो म्हणाला. “एवढं लहान मूल घरात, आणि ही थंडी!”

त्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

“केवढ्याला द्याल?” वेणूनं विचारलं.

“छे, छे. विकत कशाला घेता? विकत घेतलात तर उद्या बिघडला की चिंता तुमची. भाड्यानं घ्या, चिंता माझी. उन्हाळ्यात मीच नेईन, उजळून आणीन. तुम्ही फक्त बाळाला आंघोळ घालायची.”

“आणि भाडं?”

“दर पौर्णिमेला एक वाडगा तूप. घरची गाय आहे ना? मग तर काहीच नाही. आणि तुमचा जुना बंब माझ्याकडे अनामत राहील. भाडं थांबलं तर बंबही माझा आणि अनामतही माझी. आता तुम्ही काय भाडं थांबवणार आहात थोड्याच!”

वेणू जुन्या बंबाकडे बघत राहिली. काळा पडलेला, बुडाला भोक, धुरानं माखलेला.

“हा आईचा आहे माझ्या.”

“आई का बंबात आहे, वहिनी? आई मनात असते. हे भोकाचं डबडं ठेवून बाळाला ऊब मिळेल का?”

नवरा तोवर रानातून न्याहारीला आला होता. तो म्हणाला, “वेणू, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. जरा विचार कर.”

तेवढ्यात बाळ पुन्हा शिंकलं. खेचराच्या अंगावरची धूळ नाकात गेली असेल बिचाऱ्याच्या. पण वेणूचा विचार तिथंच संपला. “ठेवा तो बंब,” ती म्हणाली.

बंबवाल्यानं जुना बंब खेचरावर चढवला. तो वळणावर जाईपर्यंत वेणू बघत होती. मग बाळाला ऊन पाणी घालायच्या गडबडीत ती विसरून गेली.

थंडी मजेत गेली. चार ढलप्यांत पाणी तापायचं. वेणू पाणवठ्यावर कौतुक सांगायची, “अगं, बघायलाच नको! बिघडला तर तो, उजळायचा तर तो. आपल्याला कसली काळजी नाही.” तिचं ऐकून आणखी सात घरांनी आपापले जुने बंब देऊन भाड्याचे बंब घेतले. काकूंनी मात्र घेतला नाही. “मला माझ्या बंबाच्या खोड्या माहीत आहेत,” त्या म्हणाल्या, “नवऱ्यासारख्या.” सगळ्याजणी हसल्या.

माघात वेणूची आई नातवाला बघायला डोंगर चढून आली. दम खात ओटीवर टेकली, पाणी प्यायली. मग हात धुवायला न्हाणीघरात गेली आणि तिथंच थांबली.

“वेणे, आपला बंब कुठंय गं?”

वेणूच्या तोंडून निघून गेलं, “डाग लावायला दिलाय, आई. हा तोवर आणलाय.”

“बरं केलंस हो,” आई म्हणाली. “डाग लावला की तुझ्या सुनेपर्यंत टिकेल.”

तेव्हा खरं सांगितलं असतं तर आई चिडली असती, चार दिवस बोलली नसती, एवढंच. पण वेणूला वाटलं, सांगू पुढे कधीतरी. थंडी संपली की बंब सोडवून आणू, मग खोटं खोटं राहणारच नाही. उन्हाळा आज-उद्या करण्यात गेला आणि भाद्रपदात आई गेली. त्या एका वाक्याला खरं करायला वेळच मिळाला नाही.

दुसरी थंडी आली. बाळ आता दुडुदुडु चालायला लागलं होतं, भात खायला लागलं होतं. गाय मात्र आटत आली होती. जेमतेम वाडगाभर तूप साठायचं, आणि साठलं की पौर्णिमा यायची. पोरगं ताटलीकडे बोट दाखवून म्हणायचं, “तूप?” वेणू म्हणायची, “उद्या हं.” ज्या पोरासाठी बंब घेतला, त्याच्याच घासातलं तूप बंबाला जात होतं. हे तिला दिसत होतं. पण रोज सकाळी ऊन पाण्याची वाफ आली की ती ते बाजूला सारायची.

बंबवाल्यानं त्या साली उजळून आणलेला बंब आदल्या वर्षीचा नव्हता. “तुमच्यासाठी खास, वहिनी. आधीच्याला जरा पोचे आले होते, हा बघा कसा!” खरंच, सोन्यासारखा होता.

शनिवारी वेणूनं तो रिकामा केला. चिंच घेतली, झाकण काढलं, हात आत घातला. काठाखालून बोटं फिरली आणि थांबली.

बाहेरून बंब आरशासारखा गुळगुळीत होता. बाहेरचे खड्डे भरून, घासून, मिटवून टाकले होते. आतून कोण बघतंय म्हणून आतलं तसंच राहिलं होतं. तिनं पुन्हा बोटं फिरवली. आतून अक्षरं उलटी लागत होती, पण दर शनिवारी भेटणारी अक्षरं ती, तिला काय वाचायला लागणार होती? ‘णूस’. मग ‘आई’. मग पुढचं सगळं.

पोरगं मागून येऊन तिचा पदर ओढत होतं. ती तशीच बसून राहिली, कोपरापर्यंत हात बंबात.

मग तिनं बंब उलटा केला. बुडाला एक डाग होता. लहानसा, रुपयाएवढा.

पौर्णिमेला बंबवाला आला तेव्हा वेणू दारातच उभी होती. तिच्या हातात वाडगा नव्हता.

“हा माझाच बंब आहे.”

बंबवाला जराही गडबडला नाही. “मग बरंच की, वहिनी! अनामत कुठं ठेवली म्हणून काळजी होती ना? तुमच्याच घरात आहे बघा.”

“मग भाडं कशाचं घेता?”

“डाग कुणी लावला? उजळला कुणी? आणि ठरलं काय होतं आपलं?”

नवऱ्यानं त्याला पंचांपुढे नेलं. पंचांनी वेणूला दोनच प्रश्न विचारले.

“अट ऐकली होतीस?”

“ऐकली होती.”

“हो म्हणाली होतीस?”

“म्हणाले होते.”

पंचांनी मान खाली घातली. “त्यानं वागायला नको होतं तसं तो वागला, पोरी. पण होकार तुझा होता. आता तूप दे आणि बंब ठेव, नाहीतर बंब त्याला दे. बघ काय करायचं ते.”

वेणू घरी आली, मागोमाग बंबवालाही. मडक्यात वाडगाभर तूप होतं. न्हाणीघरात आईचा बंब होता. आणि मधे उंबऱ्यावर पोरगं बसलं होतं, तिच्या तोंडाकडे बघत.

तिनं भात वाढला, वर तुपाची धार धरली आणि पोरापुढे ठेवला. मग बंबवाल्याला म्हणाली, “न्या तो.”

त्यानं बंब उचलायच्या आधी मात्र ती म्हणाली, “जरा थांबा.” झाकण काढून तिनं हात आत घातला. काठाखालून एकदा बोटं फिरवली. एकदाच, पण सावकाश. मग हात काढून पदराला पुसला.

त्या दिवशी वेणू सातही घरी गेली. “आत हात घालून बघा,” म्हणाली. एकीला तिच्या जावेचं नाव सापडलं, एकीला समोरच्या घरातल्या बाईचं. गावातलेच बंब गावात फिरत होते. पहिल्या दिवशी खेचरावर होता तेवढा एकच काय तो त्याचा. एकीनं रडत तिला विचारलं, “तूच सांगितलंस ना गं, काळजी नाही म्हणून?” “मीच,” वेणू म्हणाली. कुणी बंब सोडला, कुणी तूप देत राहिलं. ज्याची त्याची थंडी, ज्याचं त्याचं पोर.

पुढच्या बाजाराला वेणू काकूंबरोबर डोंगर उतरून गेली आणि पाणी तापवायला एक लहानसा हंडा घेतला. तांबटाला तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “दादा, बंबाच्या बुडाला एक डाग लावायला किती वेळ लागतो?”

“एका डागाला? ताई, तुमची भाजी घेऊन होईपर्यंत.”

काकूंनी तिचा हात धरला.

तांबटानं हंडा पुढे ओढला, टोचणी उचलली. “नाव काय घालू?”

वेणूनं हंड्याच्या काठाखालून बोट फिरवलं.

“नको,” ती म्हणाली. “हा आईकडून आलेला नाही.”

चुलीवरच्या हंड्यात पाणी तापायला तास लागतो. पोरगं तोवर गोधडीत गुंडाळून चुलीपुढे बसतं, विस्तवाकडे बघत बडबडतं. अजून तरी एकदाही आजारी पडलेलं नाही.

तात्पर्य: जीव घाबरलेला असताना दारात आलेल्या सोयीला लगेच हो म्हणू नये. दोन दिवस थांबून आपली वस्तू दुरुस्त होते का ते आधी बघावं, कारण भाडं थांबवता येतं, पण हातची गेलेली वस्तू आणि न बोललेलं खरं परत येत नाही.

ही गोष्ट वाचून झाली की आपल्या बहिणीला, जावेला, शेजारणीला नक्की सांगा. विशेषतः जिच्या घरी लहान मूल आहे आणि थंडी पडायला लागली आहे, तिला आधी सांगा.