साहेबांना खुर्ची द्या

"मग साहेबाला साहेब नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं, बुवा?"

मठाच्या पडवीत रंगरावाचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. साखर कारखान्यात तो फोरमन होऊन वर्ष झालं होतं. त्याच्याबरोबर आवाजालाही बढती मिळाली होती म्हणा ना!

अवधूतबुवा शेंगा सोलत बसले होते. "कोण नाही म्हणत?"

"म्हणतात सगळे. माझ्या हाताखालचा, लहानपणापासूनचा दोस्त जालूही म्हणतो. मीच त्याला बजावलं होतं, कामावर रंग्या म्हणत जाऊ नकोस, साहेब म्हण. आता घरीसुद्धा साहेबच म्हणतो."

"बरं झालं की!"

"कसलं बरं, बुवा! उद्या त्याच्या सुमनचं लग्न. पोरगी माझ्या खांद्यावर वाढली. आणि मला पत्रिका धाडली, तीही शिपायाच्या हातून! वर काय, तर माननीय रंगराव साहेब..."

तो सवयीनं बुवांच्या पायाशी बसला आणि पाय दाबायला हात पुढे केला.

बुवांनी पाय आखडून घेतले. उठून आतली एकुलती एक खुर्ची आणली, उपरण्यानं पुसली आणि हात जोडून उभे राहिले.

"बसावं, साहेब."

"हे काय, बुवा?"

"साहेबांनी जमिनीवर बसू नये."

रंगराव कसाबसा टेकला. बुवा उभेच...

"चहा घेणार, साहेब?"

अहो, मठात चहा टाकायचा तो रंगरावानंच! साखरेचा डबा कुठे असतो, हे बुवांना तरी कुठे ठाऊक होतं?

"पाया पडतो, बुवा. गाढवा म्हणा, येड्या म्हणा... पण हे नको."

बुवांचे हात जोडलेलेच होते.

रंगराव खुर्चीवरून उतरला, त्यांचे पाय धरले आणि चाळिशीतला तो माणूस हमसून हमसून रडला. बुवांनाही राहवलं नाही. या पोरावर त्यांचा भारी जीव होता. ते खाली बसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बऱ्याच वेळानं रंगरावानं नाक पुसलं.

"उद्या लग्नात जालूला तोंड कसं दाखवू? काय म्हणू त्याला?"

"काही म्हणू नकोस रे, रंग्या. आत्ताच त्याच्या घरी जा, आणि मांडवातल्या पिंपात पाणी भरायला लाग."