दोन तारखांची चिठ्ठी

एकदा एक व्यापारी मागांच्या गावात शांतता विकायला आला.

त्या गावात यंत्रमाग पहाटेपासून खडखडत. घरांच्या भिंती थरथरत, तांब्यातले पाणी थरथरे, आणि माणसे एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलणे समजून घेत. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत. उन्हाची तिरीप आली की ते सोनेरी दिसत आणि क्षणभर वाटे, हे गाव जमिनीवर नाही, कुठल्याशा संथ पाण्याच्या तळाशी वसले आहे.

तिथल्या पेठेत एक वृद्ध कारागीर रेडिओ, कानाची यंत्रे आणि हेडफोन दुरुस्त करीत. सगळे त्यांना नाना म्हणत. दुकानामागे त्यांची एक लहान खोली होती. तिच्या भिंतींना त्यांनी जाड वाकळा ठोकल्या होत्या. दार लावले की माग दुसऱ्याच गावी निघून गेल्यासारखे वाटे. तिथे बसून नाना आणि त्यांचा शिष्य यंत्रांचे आवाज तपासत. नानांनी होकार दिला की गाव ती वस्तू डोळे मिटून घेई.

व्यापाऱ्याने दुकानात खोके उघडले. "नाना, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. मोठ्या कंपनीच्या हेडफोनची किंमत ऐकली तर माणूस मटकन खाली बसतो. माझा पाव किमतीत. घाला तर खरं!"

आधी शिष्याने घातला. बटण दाबताच माग बुडाले. त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. समोर व्यापाऱ्याचे ओठ माशासारखे हलत होते. जन्मापासून कानांवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून घेतला होता. शिष्याचे डोळे भरून आले.

मग नानांनी घातला. काढून ठेवत ते म्हणाले, "गोड आहे. आता याचा थोरला भाऊ दाखव."

"थोरला भाऊ?"

"दोन वर्षं कोणाच्या तरी कानावर राहिलेला. जुना."

व्यापारी खो खो हसला. "अहो नाना, लोक नवरी बघायला येतात आणि तुम्ही म्हणता तिची आजी बाहेर आणा! माल बाजारात येऊन सहा महिने झाले, जुना कुठून देऊ? वर्षाची गॅरंटी आहे, लेखी."

"पहिल्या वर्षाचं तू लिहून दिलंस. मला दुसऱ्या वर्षाचं ऐकायचंय."

नानांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. व्यापाऱ्याने समोरचाच गाळा घेतला.

शिष्य संतापला. "नाना, परवडेल अशी शांतता पहिल्यांदा या गावात आली आणि तुम्ही तिची आजी मागत बसलात!"

नाना एक स्क्रू पिळत राहिले.

दसऱ्याला निलोफर दुकानात आली. तिच्या घराची भिंत मागाच्या शेडला लागून होती. घरात कॉलेजला जाणारी ती पहिलीच, आणि तिचे नर्सिंगचे पहिले वर्ष नुकतेच सुरू झाले होते. नाना आतल्या खोलीत दार लावून बसले होते.

"दादा, माझी तीन वर्षं आहेत," ती शिष्याला म्हणाली. "नापास झाले तर अब्बा मला मागावर बसवणार. तो समोरचा हेडफोन तीन वर्षं टिकेल ना?"

शिष्याला ती पहिली शांतता आठवली. "टिकेल," तो म्हणाला. "घे."

एक संक्रांत गेली, दुसरी आली. निलोफर पुन्हा आली आणि तिने हेडफोन टेबलावर ठेवला. कानावरच्या गाद्यांचे पापुद्रे निघाले होते, त्यांचे काळे कण तिच्या गालांना चिकटले होते. एक बिजागरी तिने दोऱ्याने घट्ट बांधली होती.

"दादा, हा आता ओरडतो."

शिष्याने कानाला लावला. आत एक बारीक, न थांबणारी किंकाळी होती.

"समोर गेले होते. ते म्हणाले, ताई, गॅरंटी संपून तीन महिने झाले, नवा घे, आता गुलाबी पण आलाय." तिने गालावरचे कण पुसले. "परीक्षेला दोन महिने राहिलेत."

नानांनी हेडफोन उघडायला घेतला. स्क्रू कुठेच नव्हता, सगळे गोंदाने चिकटवलेले. पाते घातले तसे कवच तडकले. आत बॅटरी फुगली होती. कडेच्या टाचणीएवढ्या भोकात कापूस गच्च बसला होता.

"होईल का नाना?" शिष्याने विचारले.

नाना उठले. त्यांनी दुकानाच्या दारावर एक खिळा ठोकला आणि तो मेलेला हेडफोन तिथे टांगला. शिष्यापुढे कागद सरकवला. "लिही. घेतला, दसरा. बंद पडला, दुसरी संक्रांत. खाली लिही, टिकेल असं सांगणारा. आणि तुझं नाव."

शिष्याने लिहिले आणि चिठ्ठी हेडफोनला बांधली.

मग नानांनी आतल्या खोलीची किल्ली निलोफरच्या हातात दिली. "पोरी, उद्यापासून तिथे बस." आणि शिष्याला म्हणाले, "तुझं टेबल पायरीवर."

"पायरीवर? या खडखडाटात मी काय तपासणार? आणि किती दिवस?"

नानांनी तडकून निघालेला कवचाचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"हे भोक बघ. हा त्याचा कान. बाहेरचा गोंगाट इथून ऐकायचा आणि आत तो पुसायचा, एवढंच याचं काम. कान बुजला तेव्हा हा स्वतःच गोंगाट करायला लागला. बनवणाऱ्याने कान साफ करायला वाट ठेवली नाही, बॅटरी बदलायला जागा ठेवली नाही. गरिबाला स्वस्त द्यावं, जरूर द्यावं. पण गरिबाची गरज वर्षाने संपते, हे यांना कोणी सांगितलं? तीन वर्षं हवीत असं ही मुलगी तोंडाने सांगत होती. तू पहिल्या दिवसाची शांतता ऐकत बसलास. तिची तीन वर्षं ऐकलीच नाहीस. हेडफोन टिकला नाही. आता तुझा शब्द तरी टिकव."

शिष्य पायरीवर बसू लागला. कापूस त्याच्या केसांत, भुवयांत साचे. दारावरची चिठ्ठी वाचून लोक आपापले हेडफोन घेऊन येत. तो त्यांना दोन तारखा विचारी, लिही आणि टांगी. हळूहळू दारावर मुक्या हेडफोनांचे तोरण झाले. वारा आला की ते सगळे एकदम झुलत. पाण्याच्या तळाशी वेली हलाव्यात तसे.

व्यापारी तरातरा आला. "नाना, ही बदनामी आहे!"

"एक तरी शिवी लिहिली आहे का?"

"शिवी नाही, पण या तारखा..."

"तारखा तुझ्याच आहेत. आम्ही फक्त अक्षर काढलं."

निलोफर दुसरे वर्ष पास झाली, मग तिसरे. खोली शेवटपर्यंत तिचीच राहिली. ज्या दिवशी ती किल्ली परत द्यायला आली त्या दिवशी तिच्या हातात पेढे होते आणि नोकरीचे पत्र होते. "दादा, आता आत जा," ती म्हणाली. शिष्य हसला. पायरीवरून तो उठला नाही.

त्याच आठवड्यात व्यापारी रस्ता ओलांडून आला. खोके नव्हते. हातात एकच हेडफोन होता, वापरून गुळगुळीत झालेला. त्याला स्क्रू होते, गाद्या बदललेल्या होत्या, कडेच्या भोकांवर बारीक जाळी होती.

"दुसऱ्या कारखान्याचा आहे," तो नानांना म्हणाला. आवाजात पूर्वीचा तोरा नव्हता. "थोडा महाग पडतो. पण माझ्या टेम्पोच्या ड्रायव्हरने अठ्ठावीस महिने वापरलाय. आजी आणलीय, नाना."

नानांनी पायरीकडे बोट दाखवले.

शिष्याने हेडफोन हातात घेतला, फिरवून पाहिला. कानाला मात्र लावला नाही.

"त्या ड्रायव्हरला बोलवा," तो म्हणाला. माग खडखडत होते. टेबलावरचे कागद बाजूला करून त्याने पायरीवर आणखी एका माणसापुरती जागा केली.