बर्फाकडे पाठ करून

“मग दोष कोणाचा, सर? तुमचाच.”

रेवती शितोळे मॉलमधल्या बर्फाच्या मैदानाच्या कठड्यापाशी उभी होती. पायात स्केट्स, गळ्यात रौप्यपदक. कालच बर्लिनच्या स्पर्धेहून परतली होती.

पेंढारकर सर चहा पीत होते. मॉल उघडायला अजून वेळ होता.

“बोल,” ते म्हणाले. “सगळं बोल.”

“बर्फावरचा नाच संपला की गुण येईपर्यंत बाकावर बसायचं असतं. प्रत्येक पोरीशेजारी तिचा कोच. कोणी रडतंय, कोणी मिठी मारतंय. आणि माझ्याशेजारी कोण? स्केटिंग संघटनेचे दाभाडेसाहेब! त्यांना उडी कुठली आणि गिरकी कुठली ते कळत नाही. कॅमेऱ्याला हात करत बसले होते.”

“त्यांना सवय आहे. लोकांच्या लग्नातही करतात.”

“हसू नका, सर.”

सर हसले नव्हते.

हे बर्फाचं मैदान मॉलवाल्यांनी वाढदिवसाच्या पार्ट्यांसाठी बांधलं. धाव घ्यावी तर समोर कठडा. परदेशातल्या पोरी अर्धं मैदान धावून मग उडी घेतात. आमच्या रेवतीला तेवढी जागा कधी मिळालीच नाही, म्हणून सरांनी तिला एवढ्याशा धावेतून उंच जायला शिकवलं. देशात पहिली आली तेव्हा लोक म्हणाले, आपल्याकडे पोरीच किती आहेत स्पर्धेला. आशियात आली तेव्हा म्हणाले, नशीब. बर्लिनला ती त्या तोकड्या धावेतून हवेत गेली आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. मग कोणी काही म्हणालं नाही. सगळे शाल आणि नारळ आणायला धावले.

आणि ज्याने शिकवलं, तो माणूस बँकॉकच्या स्पर्धेनंतर दुसऱ्या एकाही स्पर्धेला गेला नाही. सरावातसुद्धा तेच. ती उडी घ्यायला लागली की हा बर्फाकडे पाठ करून उभा.

म्हातारा रुसलाय, असं शहरातल्या जाणत्या लोकांनी ठरवून टाकलं. पोरगी पुढे गेलेली बघवत नाही, असं दाभाडे म्हणाले. जाणत्या लोकांचं एक बरं असतं, त्यांना विचारायची गरज पडत नाही. सरांनीही खुलासा केला नाही. गप्प बसायचं आणि त्याला मोठेपण म्हणायचं, ही त्या पिढीची एक खोड.

“संध्याकाळी सत्कार आहे,” रेवती म्हणाली. “माइक माझ्या हातात देणार आहेत. मी सांगणार आहे, मला गुरू नव्हता. मी एकटीने केलं.”

“सांग.”

“खरंच सांगेन हं.”

“खरंच आहे ते.”

तिला भांडण हवं होतं. ते मिळेना.

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

सरांनी ग्लास कठड्यावर ठेवला.

“बँकॉकला का पडलीस?”

“आता ते कशाला?”

“का पडलीस?”

“तुमच्यामुळे! दुसरी उडी मस्त झाली होती. मी तुमच्याकडे बघितलं, नेहमीसारखं. तर तुम्ही तोंड वाकडं केलेलं. म्हटलं, मेले, काहीतरी चुकलं. तिसऱ्या उडीला पायच लटपटले.”

“मला शिंक येत होती.”

“काय?”

“शिंक. गारठा फार होता तिकडे.”

बर्फाखालचं यंत्र घरघरत होतं. रेवतीला हसू आलं. मग राग आला. मग दोन्ही एकदम.

“मग तेव्हाच सांगायचं ना, सर!”

“सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी माझं नाक बघत बसली असतीस.”

“म्हणून यायचंच बंद करायचं? एवढा राग धरून सराव केला मी! कितीदा वाटलं, तोंडावर पदक फेकावं तुमच्या.”

“फेकायला आधी मिळवावं लागतं. मिळवलंस.”

तिने पदकाची फीत बोटाभोवती गुंडाळली.

“बर्लिनला उडी झाल्यावर कोणाकडे बघितलंस?” सरांनी विचारलं.

रेवती आठवू लागली. खूप वेळ आठवत राहिली.

“... कोणाकडेच नाही. पुढची घ्यायची होती.”

“हं.”

तिने पदक काढून सरांच्या हातात दिलं आणि काही न बोलता बर्फावर उतरली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथून ओरडली, “आता बघा. समोरून बघा!”

छोटीशी धाव. मग ती हवेत होती. हात छातीशी आवळलेले, शरीर एका रेषेत, आणि एवढ्या वेगाने फिरत होती की तोंड कुठे आणि वेणी कुठे ते कळू नये. उतरली एका पायावर, उलटी सरकत, मान ताठ. पार्ट्यांसाठी बांधलेल्या त्या बर्फावर अशी उडी दुसऱ्या कोणी मारलेली नाही. मारणारही नाही.

पूर्ण थांबल्यावरच तिने कठड्याकडे पाहिलं.

सर पाठमोरे उभे होते. समोर पॉपकॉर्नच्या दुकानाचं बंद शटर. मुठीत पदक.

“सर! आता तरी!”

“पुढच्या महिन्यात जागतिक स्पर्धा आहे,” सर शटरकडे बघतच म्हणाले. “उतरलीस छान. आवाज स्वच्छ आला.”

ती सरकत कठड्यापाशी आली. धापा टाकत होती.

“फोनवर तरी बघता ना माझ्या उड्या?”

“फोनवर काय, दाभाडेही बघतात.”

“मग समोरून शेवटची कधी बघितलीत?”

सर वळले. पदक त्यांनी परत तिच्या गळ्यात घातलं, फीत सरळ केली.

“बँकॉकला. तू पडलीस ती.”