थोरल्या महाराजांच्या मानेवरची रेघ

"आमच्या पणजोबांच्या मानेवर ही रेघ कुणी ओढली?" सोनखडीचे राजे अमृतराव गरजले.

दरबारातल्या रंगीत काचेच्या खिडकीत हे पणजोबा, म्हणजे थोरले महाराज, घोड्यावर बसलेले होते. वादळात खिडकी खिळखिळी झाली, काचा धरून ठेवणारी लांबी निखळली आणि महाराजांच्या मानेची काच आडवी तडकली. म्हाताऱ्या राघू तांबटाने खिडकी उतरवली, जुनी लांबी खरवडली, खडूची पूड जवसाच्या तेलात मळून नवी भरली आणि तडकलेले दोन तुकडे शिशाच्या पट्टीने सांधले. काम चोख होतं. पण उजेड आला की पट्टी काळीभोर दिसे.

"गळा कापल्यासारखं वाटतं, सरकार!" दिवाण केरोपंत म्हणाले. केरोपंतांना खिडकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आगीत तेल ओतण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

झालं! राघू कोठडीत गेला. राजांनी त्याच्या मुलीला, साळूला, बोलावून हुकूम सोडला, "चार दिवसांत रेघ गेली पाहिजे. काच हीच हवी, नवी चालणार नाही. तडाही दिसता कामा नये! नाहीतर तुझा बाप संस्थानातून हद्दपार!"

"सरकार, पट्टी काढली तर डोकं खाली यील," साळू म्हणाली.

"म्हणे डोकं खाली येईल!" केरोपंत फिसकन हसले. "अगं, नुसती लांबी भरायची नि वर रंग फासायचा. यात कसली आली आहे कारागिरी?"

"मग दिवाणसाहेबांनीच भरावी की! आम्ही अडाणी मानसं, बघून शिकू."

केरोपंतांनी खरंच बाह्या सरसावल्या. पट्टी उपटली, लांबी थापली, रंग फासला आणि मिशीला पीळ दिला. लांबी वाळायला दिवस लागतात, हे या शहाण्याला कोण सांगणार? दुपारी ऊन तापलं, ओली लांबी ओघळली आणि भर दरबारात थोरल्या महाराजांनी मान टाकली!

खाली पदर पसरून साळू उभीच होती. तिने काच अलगद झेलली.

"शाबूत हाय, सरकार. आता तरी माझं मला करू द्या."

राजांनी हातानेच परवानगी दिली. केरोपंत हाताला लागलेली लांबी धोतराला पुसत होते.

चौथ्या दिवशी साळूने खिडकीवरचा पडदा बाजूला ओढला. शिशाची पट्टी जागेवर होती, पण तिच्यावर वितळवून डागलेल्या कथलाच्या झाळेचे गोल, खडबडीत मणी एकाला एक लागून बसले होते. उजेडात थोरल्या महाराजांच्या गळ्यात काळीभोर माळ दिसत होती.

"फसवणूक!" केरोपंत ओरडले. "रेघ तीच आहे, सरकार! वर नुसत्या गाठी मारल्यात!"

"मला तर रुद्राक्षांची माळ दिसती," साळू म्हणाली. "थोरलं सरकार शंकराचं भक्त व्हतं, अख्ख्या सोनखडीला ठावं हाय. दिवाणसाहेबांना मातुर त्यांच्या गळ्यावर अजून सुरीच दिसती! कुणी फिरवली, ते बी दिसत असंल तर सांगा की!"

केरोपंतांनी चोरून राजांकडे पाहिलं. "माळच आहे, सरकार," ते पुटपुटले. "एकशेआठ मण्यांची!"

"मानेपुढं तेराच मावल्यात," साळू म्हणाली.

राजे इतके हसले, की त्यांना पगडी सावरावी लागली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून पुढे केलं.

"आधी माझ्या बाला सोडा, सरकार. कडं मागनं."

राघू सुटला, कडंही मिळालं. आणि दरबाराच्या उरलेल्या अकरा खिडक्यांचं काम साळूला देताना राजे म्हणाले, "लांबी मळायला दिवाणांना घेऊन जा!"