होळीतला कढीलिंब

फार मागची गोष्ट आहे. डोंगरावर एक गाव होतं. तिथली थंडी अशी द्वाड, की पौषात गवतावरचं दव गोठून पांढरंफटक व्हायचं आणि एका रात्रीत हिरवीगार बाग करपून काळी पडायची. म्हणून गावानं एक रीत पाडली होती. बाग कितीही करपू दे, गुढीपाडव्यापर्यंत परसात ना कुदळ घालायची, ना कोयता. होळीला लाकूड द्यायचं तेही रानात पडलेलं, वाळलेलं.

त्या गावात कोंडिबा नावाचा शिंपी राहायचा. एकटाच. त्याची बायको सारजा मागच्या वर्षी गेली. तिच्या हातचं म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. परसात तिनं लावलेला कढीलिंब तेवढा होता. कोंडिबा रोज त्याची चार पानं तोडायचा, आमटीला फोडणी द्यायचा आणि त्या वासावर दोन घास खायचा. माणसाला जगायला काहीतरी लागतंच ना!

त्या साली थंडीनं कहर केला. भोगीच्या सकाळी कोंडिबा भाजीसाठी वालाच्या शेंगा तोडायला गेला, तर सगळा वेल लोळागोळा झालेला. आणि कढीलिंब? काळा ठिक्कर! पानं मरगळून लोंबत होती. कोंडिबा एकेक पान हातात घेऊन बघू लागला.

शेजारच्या पारूकाकू कुंपणापाशी आल्या. "अरे, माझीही बाग गेली बघ. राहू दे तसंच. वरून जळलं तरी मूळ जिवंत असतं. पाडव्याला बघू."

कोंडिबानं झाड तसंच राहू दिलं. पण रोज उठून ते झाड बघायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. माघ सरला, फाल्गुन लागला. पानं गळून नुसता खराटा राहिला. पालवीचा पत्ता नाही. शेवटी होळीच्या दिवशी सकाळी त्यानं कुदळ उचलली.

काकू धावतच आल्या. "कोंडिबा, वेडा झालास काय? पाडवा पंधरा दिवसांवर आलाय! निदान नखानं साल तरी खरवडून बघ. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे."

"काकू, सारजा आजारी होती तेव्हाही तुम्ही सगळे हेच म्हणत होता. थांब, उठेल. धीर धर, उठेल. मी थांबलो. उठली का ती?"

काकूंनी कुदळीला हात घातला, तो कोंडिबानं बाजूला सारला.

"आता पुन्हा वाट बघायची ताकद नाही माझ्यात. मेलं ते मेलं. होळीत दिलं की तेही सुटेल आणि मीही सुटेन."

इथंच तर गोम होती बघा. झाड मेल्याची त्याला खात्री नव्हती; ते जिवंत असेल ही आशाच त्याला सोसवत नव्हती. नख लावून बघायला असा किती वेळ लागतो? पण त्यानं लावलं नाही.

झाड काही सहजी निघालं नाही. मुळांनी माती घट्ट धरून ठेवली होती. मेलेलं झाड असं कुठं झगडतं? पण कोंडिबानं डोळे पुसले, दात-ओठ खाल्ले आणि मुळासकट ओढून काढलं.

संध्याकाळी होळी पेटली. गोवऱ्या, काटक्या भराभर पेटल्या. कढीलिंब मात्र पेटेना. तो चरचरू लागला, त्याच्या बुंध्यातून फेस गळू लागला. ओलं लाकूड ओळखायला गावात कुणाला शिकवावं लागत नाही. मग धूर निघाला आणि गावभर फोडणीचा घमघमाट सुटला.

"आज होळीमाईनं कढी केली वाटतं!" पोरं खिदळली.

तो वास नाकात शिरला आणि कोंडिबा कळवळला. त्यानं सरळ जाळात हात घातला, बुंधा धरून ओढू लागला. हात पोळले. लोकांनी त्याला मागं खेचलं. तोवर मुळं जळून गेली होती. मग त्यानं सारजाच्या नावानं अशी बोंब मारली, की ऐकणाऱ्याचं काळीज फाटावं. पण होळीला सगळेच बोंब मारतात. कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

पाडव्याला घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या. करपलेल्या परसांत बुंध्याबुंध्यांतून पोपटी कोंब फुटले. कुंपणापलीकडं कोंडिबा पोळलेल्या हातांना फडकं गुंडाळून खड्ड्याच्या काठावर बसला होता. काकूंनी त्याला पाहिलं, पण 'मी म्हटलं होतं' असं त्या म्हणाल्या नाहीत. तसं म्हणून आता काय होणार होतं?

तात्पर्य इतकंच: दुःखाच्या भरात जिवंताला मेलेलं ठरवू नये, आशा नकोशी झाली तरी एकदा नख लावून पाहावं.