बांधाचे बारा पहारेकरी

पूर्वी कुंभवती नगरीत उदयभद्र राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील तलावाच्या बांधाचा मुख्य रक्षक होता. त्याच्या हाताखाली विशी-बाविशीचे बारा पहारेकरी होते. नेमलेल्या टप्प्यावर फिरायचे आणि धोका दिसला की नगारा वाजवायचा, एवढेच त्यांचे काम. पण कोणी न सांगता ते खेकड्यांची बिळे चिकणमातीने बुजवीत. बोधिसत्त्व रोज जाताना थांबे आणि म्हणे, "हे काम रोहकाच्या हातचे. इथून आता पाणी जायचे नाही." त्यांना तेवढे पुरे होते.

एका श्रावणात बांधाच्या पोटातून पाणी झिरपताना रोहकाला दिसले. आपला टप्पा सोडून, सोबत्यांना घेऊन, तीन दिवस खपून त्याने ते बंद केले. राजा पाहायला आला, तेव्हा अमात्य पुढे होऊन म्हणाला, "महाराज, माझ्या आज्ञेने झाले."

"आम्हाला कोणी आज्ञा दिली नव्हती," रोहक बोलून गेला.

टप्पा सोडल्याबद्दल त्याला फटके बसले.

बोधिसत्त्व राजाकडे गेला. "महाराज, बांध या मुलांनी वाचवला. चारचौघांत तसे म्हणा."

"नोकरांपुढे अमात्याला खोटे पाडू? तू गप्प राहा, तुला गाव इनाम देतो."

"मग गाव नको आणि हे पदही नको." बोधिसत्त्वाने अधिकाराची मुद्रा खाली ठेवली.

त्या दिवसापासून पहारेकरी नुसते फिरत. बिळे दिसत, पण कोणी वाकत नसे. बोधिसत्त्व एकटाच टोपली घेऊन हिंडे. त्याचे वय झाले होते आणि बांध कोसभर लांब होता.

पुढच्या भाद्रपदात भर दुपारी बांधाला भगदाड पडले. नगारा वेळेवर वाजला. अकरा जण आपापल्या टप्प्यावर उभे राहिले. रोहक तेवढा धावत आला.

"तू कशाला आलास रे?"

"तुम्ही एकटे दिसलात, बाबा."

दोघे माती ओतत राहिले, पाणी ती गिळत राहिले. रोहक वाहून गेला. बोधिसत्त्व एका झाडाला अडकला आणि खालची वस्ती बुडताना त्याला पाहावी लागली. मागाहून राजाने चौकशी केली. कोणाचीही चूक सापडली नाही.

एवढी गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात जमलेल्या भिक्षूंना सांगितली. मग म्हणाले, "तरुण भिक्षूने केलेली आजाऱ्याची सेवा ज्या स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने, आज आपली म्हणून सांगितली, तो तेव्हाचा अमात्य. ते ऐकूनही गप्प बसलेला विहाराचा प्रमुख, तो राजा. खोलीचे दार लावून बसलेला तो तरुण म्हणजे रोहक. आणि बांधाचा रक्षक मी होतो. भिक्षूंनो, दुसऱ्याने केलेले ओळखून तसे बोलून दाखवणे, या गुणाला कृतज्ञता म्हणतात. त्या नगरीत ती एकट्याजवळ होती, आणि एकट्याची पुरली नाही."