टाकीवरचा पोचा

समोरच्या वैजयंतानं लाल बुलेट घेतली, तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. मंगळवारी वळणावर म्हैस आडवी आली, बुलेट घसरली आणि टाकीला पोचा पडला. वैजयंताला मात्र साधं खरचटलंही नाही!

शुक्रवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. काळा चष्मा न काढताच म्हणाला, "पोचा जुना आहे. क्लेम मिळणार नाही."

मी धावतच खाली उतरलो. "जुनाच आहे साहेब! महिनाभर रोज बघतोय मी."

"ऐका! शेजारीच सांगतायत," साहेब खूश झाले.

वैजयंता शांतपणे म्हणाली, "साबणेकाका माझी गाडी रोज बघतात, हे खरंय. पण गल्लीभर पेढे त्यांनी या मंगळवारी वाटले. पोचा महिन्याभराचा असता, तर काकांना इतके दिवस दम धरवला असता का?"

साहेबांनी चष्मा काढला. "कसले पेढे वाटलेत हो?"

आमच्याकडे ना बारसं, ना कुणी पास झालेलं.

क्लेम मंजूर झाला. वैजयंतानं पहिला पेढा मलाच आणून दिला. "घ्या काका, तुमचीच साक्ष कामी आली."